घरी बांधलेले विमान आणि विजेचा नियंत्रक



बोदवडसारख्या कापसाच्या पेठेत विमानाच्या इंजिनावर व्याख्यान ठेवलेले पाहून काही श्रोत्यांना नवल वाटले असेल. तथापि हा विषय वाटतो तितका दूरचा नाही. कॅप्टन अमोल यादव यांनी मुंबईत, कांदिवलीच्या चारकोप भागात, इमारतीच्या गच्चीवर सहा आसनांचे विमान बांधले. फेब्रुवारी २०१६ मध्ये 'मेक इन इंडिया' सप्ताहात ते लोकांनी पाहिले. नोव्हेंबर २०१७ मध्ये व्हीटी-एनएमडी या अक्षरांनी त्याची नोंद झाली आणि ऑक्टोबर २०१९ मध्ये उड्डाणाची परवानगी मिळाली. ऑगस्ट २०२० मध्ये त्याची चाचणी-उड्डाणे झाली ती आपल्या खानदेशातच, धुळ्याच्या धावपट्टीवर.

अशा विमानाचा कर्ता हाच बहुधा त्याचा कारागीर, तपासनीस आणि वैमानिकही असतो. म्हणूनच त्याच्यापुढे एक प्रश्न मोठ्या कारखान्यापेक्षाही अधिक निकडीने उभा राहतो : इंजिन आणि पंखा यांवरचा ताबा हाती ठेवावा, की विजेच्या नियंत्रकाकडे सोपवावा? आज आम्हांला या प्रश्नाचाच विचार करावयाचा आहे.

प्रथम ताबा म्हणजे काय ते पाहू. अनेक छोट्या विमानांत वैमानिकाच्या हाताशी तीन दांड्या असतात. पहिली इंजिनाची शक्ती कमीजास्त करते. दुसरी हवा आणि इंधन यांच्या मिश्रणाचे प्रमाण राखते. कारण वर जावे तशी हवा विरळ होते आणि सुमारे ५,५०० मीटर उंचीवर तर तिचा दाब निम्माच उरतो. तिसरी दांडी पंख्याच्या पात्यांचा कोन बदलते. पाती कमी कोनात असणे म्हणजे मोटारीचा पहिला गियर. उड्डाणाला आणि चढायला तो उपयोगी. जास्त कोन म्हणजे सपाट रस्त्यावरचा वरचा गियर.

विहिरीवरचे ऑइल इंजिन ज्यांनी चालविले आहे त्यांना गव्हर्नर ठाऊक आहे. फेरे वाढले की फिरणारी वजने बाहेर फेकली जातात आणि इंधन कमी होते. विमानाच्या पंख्याचा गव्हर्नर याच तत्त्वावर चालतो. फरक इतकाच, की तो इंधनाऐवजी तेलाच्या दाबाने पात्यांचा कोन बदलतो आणि फेरे कायम राखतो.

विजेचा नियंत्रक या तिन्ही दांड्यांचे काम एकाच दांडीवर आणतो. हवेचा दाब, उष्णता आणि फेरे तो क्षणोक्षणी मोजतो आणि इंधन, ठिणगी व पात्यांचा कोन ठरवितो. इंधन वाचते, इंजिन जास्त तापत नाही, आणि उतरताना घाईत एखादी दांडी विसरण्याचा धोका टळतो. हा लाभ खरा आहे. त्याला नावे ठेवण्याचे कारण नाही.

परंतु जुन्या मॅग्नेटोचा एक गुण ध्यानात घ्या. तो आपली वीज आपणच निर्माण करतो. बॅटरी उतरली तरी ठिणगी पडतच राहते. नियंत्रकाचे तसे नाही. वीज गेली की त्याचा मेंदूच गेला. ४ मार्च २००७ रोजी जर्मनीत श्पायर येथे दोन इंजिनांचे एक छोटे विमान उडाले. ते घरी नव्हे, कारखान्यात बांधलेले होते. बॅटरी उतरलेली असल्याने त्याची इंजिने बाहेरच्या विजेवर सुरू केली होती. उड्डाणानंतर चाके वर घेताच विजेचा दाब क्षणभर घसरला, नियंत्रक गप्प झाले आणि दोन्ही इंजिने एकदमच थांबली. इंजिने दोन होती, पण त्यांच्या विजेचे मूळ एकच होते!

यातला बोध असा, की दोन वस्तू असणे पुरेसे नाही. त्या दोन मुळांवर उभ्या असल्या पाहिजेत. ऑस्ट्रियाच्या रोटॅक्स कारखान्याने २०१२ मध्ये आणलेल्या ९१२ आयएस इंजिनात नियंत्रकाच्या दोन शाखा आहेत आणि वीज निर्माण करणारे जनित्रही दोन आहेत. घरी विमान बांधणारे कित्येक जण एका बाजूची ठिणगी विजेच्या यंत्रावर आणि दुसऱ्या बाजूची जुन्या मॅग्नेटोवर ठेवतात. हा जुनाटपणा नव्हे, शहाणपणा आहे.

आणखी एक गोष्ट. बोदवड स्टेशनावरून गाड्या जाताना ज्यांनी जुने हाताचे सिग्नल पाहिले आहेत त्यांना ती लवकर पटेल. तार तुटली की सिग्नलचा हात आपोआप आडवा होई, म्हणजे गाडी थांबे. बिघाड व्हायचाच, तर तो सुरक्षित बाजूला व्हावा, अशी ती योजना होती. एका इंजिनाच्या बहुतेक विमानांत तेलाचा दाब गेला तर पाती कमी कोनाकडे वळतात, म्हणजे चढण्याची सोय राहते. दोन इंजिनांच्या विमानांत ती उलट, वाऱ्याच्या धारेला लागतात, म्हणजे बंद पंख्याची ओढ कमी होते. पण विजेच्या मोटारीने पाती फिरविली, आणि ती मोटार बंद पडली, तर पाती बहुधा आहे तिथेच अडकतात. जास्त कोनात अडकली आणि उतरता उतरता पुन्हा वर जायची वेळ आली, तर? याचे उत्तर जमिनीवर असतानाच द्यावे लागते. आकाशात त्याला सवड नसते.

तेव्हा आमचे म्हणणे इतकेच, की विजेच्या नियंत्रकाला भिऊ नये आणि त्याला देवही मानू नये. हे चालते कसे, हा प्रश्न सारेच विचारतात. हे बंद पडले तर कोणत्या बाजूला पडेल, हा प्रश्न थोडेच विचारतात. विमान बांधणाऱ्याने आपल्या प्रत्येक तारेपुढे हा दुसरा प्रश्न लिहून ठेवावा आणि उत्तर मिळाल्यावाचून चाके जमिनीवरून उचलू नयेत. कारण त्या उत्तरावर त्याचा एकट्याचाच नव्हे, तर त्याच्याबरोबर बसणाऱ्यांचा आणि खाली शेतात काम करणाऱ्यांचाही जीव अवलंबून आहे.