लियाम ब्रेडी : पेनल्टीच्या पलीकडे

श्रोतेहो, लियाम ब्रेडीचं नाव निघालं की फुटबॉलवेड्यांना एकच गोष्ट आठवते: १६ मे १९८२, कातान्झारो, आणि ती पेनल्टी. इटालियन लीगच्या हंगामाचा शेवटचा दिवस, ब्रेडीचा युव्हेंटस आणि फिओरेंतिना गुणांत बरोबरीत. पुढच्या मोसमासाठी युव्हेंटसनं प्लातिनी आणि बोनिएक यांना घेतलेलं, आणि परदेशी दोनच चालणार, म्हणजे डब्लिनच्या या गड्याची गच्छंती ठरलेली. तरीही चेंडू त्यानंच ठेवला, गोल केला आणि क्लबला विसावं विजेतेपद मिळालं. मग आपण म्हणतो, केवढं मोठं मन! माझी तक्रार आहे ती या कौतुकाबद्दलच. मनाचा मोठेपणा एवढा गायचा, की पायातली विद्या विसरायची? १९८० मध्ये ब्रुसेल्सला आर्सेनलकडून कप विनर्स कपच्या अंतिम सामन्यात व्हॅलेन्सियाविरुद्ध याच ब्रेडीची पेनल्टी हुकली होती. दोनच वर्षांनी त्याहून अवघड घडीला तो पुन्हा पुढे झाला. त्याला मी त्याग म्हणणार नाही, कसब म्हणेन.

आता त्या काळची इटली बघा. १९६६ च्या विश्वचषकातल्या नामुष्कीनंतर तिथल्या क्लबांना परदेशी खेळाडू घ्यायला बंदी झाली. ती उठली १९८० मध्ये, आणि तीही क्लबमागे एकाच खेळाडूपुरती. दोन घ्यायची मुभा १९८२ पासून. म्हणजे पंगत गावकऱ्यांची आणि पाहुण्याला पाट एक, फार तर दोन. त्यातून पाहुण्यानं नुसतं जेवून चालत नाही, पदर खोचून वाढायलाही उठावं लागतं, आणि मीठ कमी पडलं तरी बोल त्यालाच. या पाटावर ब्रेडी बसला. पहिल्याच मोसमात लीगमध्ये आठ गोल करून, मधल्या फळीतला असूनही, युव्हेंटसचा सर्वाधिक गोल करणारा ठरला. दोन मोसमांत दोन विजेतेपदं. पुढे सॅम्पदोरियात शेजारच्या पाटावर ट्रेव्हर फ्रान्सिस, इंटरमध्ये रुमेनिगे, शेवटी आस्कोली. पुन्हा सांगतो, कारण नेमकं हेच निसटतं: सात मोसम, चार क्लब, आणि प्रत्येक यजमानानं मोजक्या पाटांपैकी एक त्याच्यासाठी मांडला. नुसत्या मोठ्या मनाला कोणी पाट मांडत नाही.

कोणी म्हणेल, युव्हेंटसनं काढलंच ना? काढलं, पण प्लातिनीसाठी. त्या काळी प्लातिनीपुढे कोणाचा पाट टिकला असता? दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे: युव्हेंटस सुटल्यावर त्यानं लीग एकदाही जिंकली नाही. खरं आहे. पण विजेतेपद अकरा जणांचं असतं, आणि बाहेरच्या खेळाडूला मोसमामागून मोसम ठेवून घेणं हा त्या एकट्याबद्दलचा निवाडा असतो. लिव्हरपूलचा इयन रश, केवढा गोल करणारा, १९८७ मध्ये युव्हेंटसला गेला आणि एका मोसमात परतला. रशला मी हिणवत नाही, मुक्काम किती कठीण होता ते सांगतोय. ब्रेडीचा डावा पाय, धीम्या लयीत चेंडू राखून नेमक्या क्षणी पास सोडायची त्याची सवय इटालियन खेळात मुरली, कारण तिथे धावण्याइतकंच थांबणंही... पण हा विषय मोठा आहे आणि समोरचा लाल दिवा लुकलुकतोय. तेव्हा एवढंच सांगून घेतो, की ज्या जोव्हानी त्रापातोनींच्या हाताखाली तो युव्हेंटसमध्ये खेळला, तेच २००८ मध्ये आयर्लंडचे प्रशिक्षक झाले, आणि त्यांच्या सहायकांत ब्रेडी होता. ही नेमणूकही पेनल्टीच्या आठवणीपोटी झाली, असं म्हणणाऱ्यांशी मला अजून बरंच भांडायचं होतं.