धुराड्यास पांघरूण



थंडीनें कुडकुडणाऱ्या माणसास पांघरूण घालावें, हें कोणासही पटतें. परंतु ज्यांतून तप्त धूर वाहतो त्या धुराड्यासच पांघरूण घालावें, असें म्हटलें तर ऐकणारास हसूं येईल. आज मी नेमकें हेंच सांगणार आहें. इंग्लंड, कॅनडा, अमेरिकेचे ईशान्येकडील प्रांत अशा थंड मुलखांत लांकडाच्या बंदिस्त शेगडीनें घर उबदार ठेवण्याची चाल अद्याप आहे. १९७३ सालीं खनिज तेलाचे भाव कडाडले, तेव्हां अमेरिकेंत तिला नवा जोर आला. आपल्यांपैकीं कांहीं कुटुंबें आज त्या मुलखांत नांदत आहेत. त्यांस हा विषय नुसता कुतूहलाचा नाहीं.

तिकडील जुनीं धुराडीं विटांचीं व ऐसपैस असत. इंग्लंडांत त्यांस आंतून चुना आणि गाईचें शेण यांचा गिलावा देत. सारवणाची संवय असलेल्या आपल्या गृहिणींस याचें नवल वाटणार नाहीं. हीं धुराडीं उघड्या जाळासाठीं बांधलेलीं होतीं. अशा जाळाची बहुतेक ऊब धुराबरोबर आकाशांत जाई. बेंजामिन फ्रँकलिन यांनीं १७४४ सालीं आणि काउंट रम्फर्ड यांनीं १७९६ सालीं याच नासाडीविरुद्ध लेखणी उचलली. आजची लोखंडी बंदिस्त शेगडी ही ऊब खोलींत ठेवते. पण म्हणूनच तिचा धूर थोडा व मंद असतो. तो जुन्या रुंद पोकळींत सोडला कीं रेंगाळतो. सहा इंच व्यासाच्या नळीचें तोंड सुमारें २८ चौरस इंच, तर बारा इंच चौकोनी पोकळीचें १४४; म्हणजे धुराचा वेग एक पंचमांशावर येतो. म्हणून जुन्या धुराड्यांत वरपासून खालपर्यंत पोलादाची नळी सोडतात. प्रश्न असा कीं, ती उघडी ठेवावी कीं गुंडाळावी?

धूर वर कां जातो? ऊन हवा हलकी असते म्हणून. धुराडें सहा मीटर उंच, बाहेर शून्य अंश थंडी आणि आंत सरासरी २०० अंश शतमान उष्णता असेल, तर धुरास मिळणारी ओढ पाण्याच्या सव्वातीन मिलिमीटर उंचीइतक्या दाबाची असते. तोच धूर १०० अंशांवर आला कीं ती दोन मिलिमीटरांच्या आसपास उरते. एक तृतीयांशाहून अधिक बळ गेलें! मग शेगडी पेटतांना धुमसते, तिची कांच काळवंडते, दार उघडतांच धूर खोलींत येतो. त्या धुरांत कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायु असतो. त्यास ना रंग, ना वास.

दुसरें संकट याहून गुप्त आहे. अगदीं कोरडें लांकूड जळलें तरी त्यांतील हायड्रोजनामुळें आपल्या वजनाच्या निम्म्याइतकें पाणी वाफेच्या रूपानें निर्माण करतें. ओल्या लांकडाचा ओलावा त्यांत आणखी भर घालतो. धूर सुमारें १२० अंशांखालीं उतरला कीं वाफेबरोबर न जळालेलें डांबर नळीच्या थंड अंगावर बसतें. हेंच क्रिओसोट. एखाद्या रात्रीं मोठा जाळ होतो, हा थर पेट घेतो आणि धुराड्यांत १००० अंशांहून अधिक उष्णता उसळते. जुन्या घरांत तुळया पुष्कळदां धुराड्याच्या विटांस टेकलेल्या असतात. पुढें काय होतें तें सांगावयास नको.

यावर कोणी म्हणेल, “नळी उघडी ठेवली तर तिची ऊब विटांस व विटांची घरास मिळेल, मग ती कां दवडावी?” आक्षेप रास्त दिसतो. धुराडें घराच्या मध्यभागीं असेल तर त्यांत थोडें तथ्यही आहे. परंतु तें बाहेरच्या भिंतींत असेल तर ती ऊब वाऱ्यास जाते. शिवाय घरास द्यावयाची ऊब शेगडीनें अगोदरच काढून घेतलेली असते. उरलेली ऊब हें धूर वर नेण्याचें वेतन आहे. वेतन कापलें तर गडी काम करीत नाहीं.

आतां कृति. प्रथम जुनी काजळी पूर्ण खरवडून काढावी. मग नळीभोंवतीं सिरॅमिक तंतूंची अर्धा इंच जाडीची दुलई गुंडाळून, विटांनीं ती फाटूं नये म्हणून वर पोलादी जाळी चढवावी आणि नळी खालीं सोडावी. जेथें दुलईस जागा नाहीं किंवा वळणें आहेत, तेथें नळी व वीट यांमधील पोकळींत व्हर्मिक्युलाइटचें हलकें मिश्रण ओततात. शेंडा पावसापासून नीट बंद करावा. भिजलेलें पांघरूण माणसास जसें निरुपयोगी, तसेंच धुराड्यासही.

तरीही पांघरूण म्हणजे परीस नव्हे. लांकडाचा ओलावा २० टक्क्यांखालीं हवा. त्यासाठीं तें फोडून, पावसाआड रचून, निदान एक उन्हाळा वाळवावें. धुराडें दरवर्षीं झाडून घ्यावें आणि कार्बन मोनॉक्साइडची सूचना देणारें यंत्र घरांत लावावें. आंच राखणें आणि धुरास वाट देणें हीं एकाच गृहव्यवस्थेचीं दोन अंगें आहेत. पहिल्याकडे सर्वांचें लक्ष असतें; दुसऱ्याकडेही तें जावें, एवढ्याचसाठीं हे चार शब्द.