नऊ मुली आणि एक शाळा

२०१५ साली जपानात प्रदर्शित झालेला ‘लव्ह लाइव्ह’ हा संगीतप्रधान ॲनिमेशनपट पोरकट म्हणून बाजूला सारू नका. पटसंख्या घटल्याने बंद पडू पाहणारी शाळा वाचविण्यासाठी नऊ विद्यार्थिनी गातात, नाचतात, ही त्याची पूर्वपीठिका. जन्मदर घसरलेल्या त्या देशात शाळा बंद होणे ही कविकल्पना नव्हे. शाळा शासनाने जगवावी, की मुलींच्या लोकप्रियतेने? चित्रपट हे विचारीत नाही. आपण विचारलेच पाहिजे.

मात्र कीर्तीच्या शिखरावर असता, चाहत्यांचा आग्रह मोडून, या मुली आपला संघ विसर्जित करतात. बाजारपेठेला इतका निःसंदिग्ध नकार मी पडद्यावर क्वचितच पाहिला. आणि गंमत पाहा, तो नकारही विकला गेलाच: आठवड्या-आठवड्याला नवी भेटवस्तू देऊन त्याच प्रेक्षकांना पुन्हा तिकीटखिडकीशी आणण्यात आले.