कंबरदुखीचे मूळ कोठे?
(वार्षिक संमेलनातील आरोग्यविषयक सत्रात केलेले भाषण)



कंबरदुखी हा काय व्याख्यानाचा विषय, असे आपल्यापैकी काहींना वाटले असेल. परंतु कंबर किंवा खुबा धरून उठणारे एखादे तरी माणूस नाही, असे घर विरळा. शेक, लेप, मालीश, पट्टा आणि वेदनाशामक गोळी हे उपाय सर्वांच्या परिचयाचे आहेत. त्यांनी वेदना शमते. पण तिचे कारण शोधण्याची निकडही तिच्याबरोबरच शमते, हे दुर्दैव होय. दुखणे हे रोगाचे नाव नव्हे. ती रोगाने दिलेली वर्दी आहे, एवढेच आज मला सांगावयाचे आहे.

उसण भरल्याने होणारी कंबरदुखी बहुधा काही आठवड्यांत आपोआप ओसरते. अशा वेळी अंथरूण धरण्यापेक्षा झेपेल तेवढे हिंडणे-फिरणेच हितकर. तीन महिन्यांहून अधिक टिकणारे दुखणे जुनाट समजतात, आणि तेथे खऱ्या शोधास प्रारंभ होतो.

या शोधात पहिला चकवा जागेचा असतो. खुब्याच्या सांध्याचे दुखणे बहुधा जांघेत जाणवते, कधी तर केवळ गुडघ्यात. उलटपक्षी, कुल्ल्यातून पोटरीकडे उतरणारी कळ पुष्कळदा कंबरेच्या मणक्यांपाशी दाबल्या गेलेल्या मज्जातंतूची असते. खुब्याच्या गोळ्याचा रक्तपुरवठा खंडित होऊन तो झिजत असता रुग्ण गुडघ्याला तेल चोळीत बसतो, असेही घडते. दीर्घकाळ घेतलेली स्टेरॉइड औषधे आणि अतिमद्यपान ही या विकाराची प्रमुख कारणे आहेत.

दुसरा चकवा छायाचित्राचा. मणक्यांमधील गादी सरकून मज्जातंतू दाबला जातो, हे मिक्स्टर आणि बार या अमेरिकन शल्यविशारदांनी १९३४ साली दाखवून दिले. पुढे ‘गादी सरकली’ हे शब्द सर्वतोमुखी झाले. परंतु १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन पाहणीत, कंबरदुखी नसलेल्या ९८ व्यक्तींचे एमआरआय तपासले असता, ५२ टक्के व्यक्तींत कोठे ना कोठे गादी फुगलेली आढळली! तात्पर्य, छायाचित्रात दिसलेला दोष हेच दुखण्याचे कारण, असे मानता येत नाही. रुग्णाची हकीकत आणि प्रत्यक्ष तपासणी यांशी तो जुळला पाहिजे.

आता तरुणांविषयी. श्रमाने वाढणारे आणि विश्रांतीने कमी होणारे दुखणे एका जातीचे. विश्रांतीने वाढणारे आणि हालचालीने कमी होणारे दुसऱ्या जातीचे. विशी-तिशीतील मुलगा उत्तररात्री दुखण्याने जागा होत असेल, सकाळी अर्धा तास किंवा अधिक वेळ त्याची कंबर ताठ राहत असेल आणि चालू लागल्यावर मोकळी होत असेल, तर ती लचक नव्हे. ‘अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस’ या दाहजन्य संधिविकाराचा संशय तेथे घेतलाच पाहिजे. आरंभी काही वर्षे क्ष-किरण चित्र निर्दोष दिसू शकते. म्हणून निदान लांबते आणि काहींचा कणा कायमचा ताठरतो. मुलींनाही हा विकार होतो. वेळीच ओळखल्यास नियमित व्यायाम आणि आजची औषधे यांनी त्यास पुष्कळसा आवर घालता येतो.

येथे ज्ञातिसंस्थेच्या व्यासपीठावरून बोललेच पाहिजे असे एक सांगतो. लग्नाच्या वाटाघाटींत अडथळा नको म्हणून अशी दुखणी झाकली जातात आणि उपचाराची मोलाची वर्षे हातची जातात. एचएलए-बी २७ या आनुवंशिक घटकाशी या विकाराचा संबंध आहे, हे १९७३ साली उघड झाले, हे खरे. परंतु हा घटक असणाऱ्या बहुसंख्य व्यक्तींना तो विकार कधीच जडत नाही. तेव्हा रक्ताच्या एका अहवालावरून घराण्याला बोल लावणे अन्यायाचे, आणि त्या भयाने मुलाचे किंवा मुलीचे दुखणे दडविणे त्याहून अन्यायाचे.

आणखी काही लक्षणे विसरू नयेत. कंबरदुखीबरोबर ज्वर, रात्री घाम आणि वजनात घट असेल, तर आपल्या देशात मणक्याच्या क्षयाचा विचार प्रथम करावा. पूर्ण मुदतीच्या औषधोपचाराने तो बरा होतो. वृद्ध स्त्रीच्या पाठीत किरकोळ धक्क्यानेही एकाएकी कळ उठली, तर ठिसूळ झालेला मणका दबला असण्याचा संभव असतो. आणि पाय लुळे पडणे, गुदद्वाराभोवती बधिरता येणे, लघवी अडणे किंवा नकळत होणे, यांपैकी काहीही दिसताच त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

बंधुभगिनींनो, डॉक्टरांकडे जाताना केवळ चित्रांची गुंडाळी नेऊ नका, हकीकतही न्या. दुखणे केव्हा सुरू झाले, नेमके कोठे आहे, विश्रांतीने कमी होते की वाढते, रात्री झोपमोड होते काय, कोणती औषधे किती काळ घेतली, हे एका कागदावर लिहून ठेवा. निदानाचे निम्मे काम तो कागद करील.