कलादालन आणि शेजार



आम्ही चळवळीतली माणसे. महागाई भत्ता, बोनस, ग्रॅच्युइटी यांवर आमच्याकडून हवे तितके बोलवून घ्यावे. चित्रकलेवर बोलण्याचा अधिकार आमचा नव्हे. सातवीनंतर आम्ही शाळा पाहिली नाही. १९८२ साली मुंबईचा गिरणीसंप सुरू झाला, घरातला पगार थांबला, आणि पुढचे शिक्षण आम्ही मोफत वाचनालयात, हाती येईल ते वाचून केले. तरीही व्याख्यानमालेच्या चालकांनी हा विषय सुचवला तेव्हा आम्ही तो आनंदाने घेतला. कारण या बाबतीतले आमचे एक भांडण अजून मिटायचे आहे.

काही वर्षांपूर्वी एका कलादालनात गिरण्यांवरील चित्रांचे प्रदर्शन लागले होते. दालनाचे नाव येथे नको. युनियनच्या कचेरीत येणारी दहा-बारा निवृत्त मंडळी घेऊन आम्ही गेलो. दारावरच पहारेकऱ्याने विचारले, "कोणाकडे जायचंय?" बिचाऱ्याचा दोष नाही; तो स्वतः कंत्राटी कामगार, त्याला शिकवलेच तसे. आत एका मोठ्या चित्रापुढे आमचे एक काका थबकले. साचाखात्यात त्यांची तीस वर्षे गेलेली. बराच वेळ पाहून म्हणाले, "साचा बंद आहे हा. धोटा काढून वर ठेवलाय. पण माणूस बघा, चालू साच्यावर उभा राहतो तसाच उभा आहे."

तोवर आम्हांला ते एका कामगाराचे बरे चित्र वाटत होते. काकांचे बोलणे ऐकले आणि पोटात कालवले. संपानंतरच्या दिवसांत असे उभे राहिलेले लोक आमच्या घरात होते.

तेवढ्यात एक तरुण मार्गदर्शिका आली आणि अगदी नम्रपणे म्हणाली, "काका, थोडं बाजूला होता का? ग्रुप येतोय." त्या ग्रुपला तिने चित्रकाराची शैली आणि रंगांतला ताण समजावून सांगितला. चांगले सांगितले. धोट्याचे मात्र तिला ठाऊक नव्हते, आणि ज्यांना ठाऊक होते ते पाण्याच्या पिंपाजवळ जाऊन बसले होते.

आमचे भांडण ते हेच. लोक येत नाहीत, कारण त्यांना कळत नाही, असे चालक धरून चालतात. मग माहितीपत्रक सोपे करतात, मुलांच्या रंगस्पर्धा घेतात. त्यात वाईट काही नाही. पण शेजाऱ्याला काही विचारावे, त्याच्याकडून काही घ्यावे, ही गोष्टच कोणाच्या मनात येत नाही.

दुसरीकडे कोणी असे काही केले आहे काय, म्हणून आम्ही वाचू लागलो, तेव्हा लंडनच्या व्हाइटचॅपल कलादालनाची हकीकत सापडली. पूर्व लंडन म्हणजे गोदी कामगार, शिंपी आणि बाहेरून आलेले गरीब ज्यू यांची वस्ती. तिथल्या सॅम्युएल बार्नेट या पाद्र्याने १८८१ पासून शाळेच्या खोल्यांत चित्रप्रदर्शने भरवली आणि रविवारीही दार उघडे ठेवले. रविवार पाळणाऱ्यांचा रोष ओढवला. पण कामगाराला मोकळा दिवस तोच. १९०१ साली त्यातूनच हमरस्त्यावर कायमचे दालन उभे राहिले.

पुढे जानेवारी १९३९ मध्ये पिकासोचे 'गेर्निका' तिथे आले. स्पेनमधल्या त्या गावावर १९३७ च्या एप्रिलात बाँब पडले होते, त्याचे हे चित्र. ते आणण्यात पुढाकार कोणाचा? स्टेपनीच्या कामगार संघटनांच्या मंडळाचा! स्पेनच्या प्रजासत्ताकासाठी लढणाऱ्यांना पाठवायला बुटांचे जोड आणा, असे आवाहन होते, आणि ते जोड चित्राखाली ओळीने मांडले गेले. चित्र सोपे नव्हे. आम्हांला ते अजून पुरते उलगडलेले नाही. पण तिथल्या माणसांकडे कोणी काहीतरी मागितले होते, आणि त्यांच्याजवळ द्यायला काहीतरी होते. स्पेनचे प्रजासत्ताक त्याच वर्षी पडले, ही गोष्ट निराळी.

आपल्याकडेही औंध आहे. पंतप्रतिनिधींनी १९३८ साली संग्रहालय बांधले ते यमाईच्या डोंगरावर. देवीला निघालेल्या शेतकऱ्याला रविवर्म्याची चित्रे वाटेवरच भेटतात. त्याला तिथे 'कोणाकडे जायचंय' हे विचारण्याची सोयच नाही.

आमचे म्हणणे त्या कलादालनाला आम्ही लेखी कळवले. आठवड्यातून एक दिवस पाळी सुटल्यानंतरही, रात्री नऊपर्यंत, दार उघडे असावे. म्हाताऱ्यांसाठी चित्रासमोर बाक असावे. शेजारच्या वस्तीतल्या जाणत्यांना बोलवून ऐकावे, आणि त्याचे मानधन द्यावे. आठवणीही फुकट मागू नयेत. आणखी एक लिहिले. कामगाराला कामगाराचेच चित्र दाखवायचे, असा नेम करू नये. नुसत्या निळ्या रंगाचे चित्र असले तरी काकांना त्यापुढे उभे राहू द्यावे. ते काय म्हणतील याचा भरवसा आम्ही देत नाही.

उत्तर आले आहे: 'विचाराधीन.' या शब्दाशी आमची ओळख जुनी आहे. पुढच्या सोमवारी आम्ही पुन्हा जाणार आहोत. काका आता ८१ वर्षांचे आहेत आणि जिना उतरत नाहीत. त्यांचे बोलणे आम्ही वहीत उतरवून घेतले आहे. ते चित्र मात्र कोणीतरी विकत घेतले. आज कोठे टांगले आहे, ते दालनालाही सांगता आले नाही.