घरांतला ठेवा



कोणास बासरीचा नाद, कोणास बियाणें जमविण्याचा; कोणाच्या पेटींत आजोबांच्या लग्नाचा फोटो. असा ठेवा दुसऱ्यास दाखविल्यावांचून त्याची गोडी वाढत नाहीं.

ग्रामोफोनच्या जुन्या तबकडींत लाख असे. लाखेचा किडा पळसावर पोसतो, आणि पळस तर आपल्या भंडाऱ्याच्या रानांतला. पण दहा इंची तबकडीच्या एका बाजूस सुमारें ३ मिनिटांचेंच गाणें मावे. रात्रभर चालणारी झाडीपट्टीची दंडार तींत कशी मावावी? जात्यावरच्या कित्येक ओव्या तर तोंडींच राहिल्या. आज हातांतल्या फोनांतही आवाज सांठवितां येतो. म्हणून आजीबाईंस आतांच गावयास विनवा.

फोटोचेंही तसेंच. चेहरा कागदावर शंभर वर्षें टिकेल. नांव मात्र सांगणारा आहे तोंवरच. यास्तव महोत्सवाच्या या वर्षीं प्रत्येक घरानें एक फोटो आणावा. वडील मंडळींस विचारून पाठीमागें मऊ पेन्सिलीनें, हलक्या हातानें नांव, गांव व साल लिहावें. शाई व डिंक टाळावे, पावसाळी ओलीपासून जपावें.

२ नोव्हेंबरास आपण मृतांचें स्मरण करितों. ज्याचें नांवच हरपलें, त्यास नांवानें कोण आठवील?