रहस्यकथेचे कपाट आणि अमेरिकेचा इतिहास

(नेकनूर, जि. बीड येथे वाचकांपुढे झालेल्या भाषणाचा मजकूर)



खेड्यातील कोणत्याही वाचनालयात दोन कपाटे शेजारी शेजारी उभी केली, तर त्यांची अवस्था पाहून गावाची वाचनरुची कळते. रहस्यकथांच्या कपाटातील पुस्तकांची पुठ्ठ्याची बांधणी निखळलेली असते, कोपरे दुमडलेले असतात आणि नेमके शेवटचे पान कोणीतरी फाडून नेलेले असते. दुसऱ्या कपाटात देशोदेशींचे इतिहास असतात. त्यांत अमेरिकेवरचे ग्रंथ नव्या नवरीसारखे कोरे! ज्या देशात मुलाला पाठविण्याची स्वप्ने आज खेडोपाडी पाहिली जातात, त्या देशाविषयीची ही अनास्था विलक्षण आहे. अमेरिकेतील पगार ठाऊक असतो. अमेरिका ठाऊक नसते.

विद्वानांचा यावरचा उपाय ठरलेला आहे. रहस्यकथा हलक्या, त्या कमी कराव्यात आणि गंभीर ग्रंथ वाढवावेत. हा उपाय मराठी वाचकाला न ओळखणाऱ्यांचा आहे. बाबूराव अर्नाळकर, म्हणजे चंद्रकांत सखाराम चव्हाण (1906-1996), यांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. झुंझार, धनंजय आणि काळापहाड यांनी गिरणगावातल्या चाळीपासून आडगावच्या वाचनालयापर्यंत जो वाचक घडविला, तो कोणत्याही साहित्य संमेलनाच्या ठरावाने घडला नसता. समीक्षकांनी त्यांना साहित्याच्या ओसरीवरही बसू दिले नाही, हा आपल्या टीकाव्यवहारातील कोतेपणाच म्हणावा लागेल. पुढे नारायण धारपांनी स्टीफन किंगसारख्या अमेरिकन भयकथाकारांचे ऋण घेऊन मराठी वाचकाची झोप उडविली, तेव्हाही हाच प्रकार घडला.

वास्तविक ही दोन्ही कपाटे एकाच घराण्यातील आहेत. गुप्तहेरकथा म्हटली की शेरलॉक होम्स आणि लंडन आठवते. परंतु आधुनिक गुप्तहेरकथेचा आरंभ मानली जाणारी कथा एडगर ॲलन पो या अमेरिकन लेखकाने एप्रिल 1841 मध्ये फिलाडेल्फियाच्या एका मासिकात प्रसिद्ध केली. तिचे कथानक मात्र त्याने पॅरिसमध्ये घडविले.

त्याच वर्षी, अवघ्या दोन महिन्यांनी, इलिनॉय प्रांतातील स्प्रिंगफील्ड गावी एक खराखुरा खटला उभा राहिला. विल्यम, हेन्री आणि आर्चिबाल्ड ट्रेलर असे तीन भाऊ होते. विल्यमबरोबर त्या गावी आलेला आर्चिबाल्ड फिशर नावाचा मनुष्य एकाएकी नाहीसा झाला. विल्यम आपल्या गावी परतला आणि फिशर मेला, त्याचा पैसा आपल्याला मिळाला, असे सांगत सुटला, अशी बातमी तिकडच्या पोस्टमास्तरच्या पत्रातून आली. गाव पेटले. नगरप्रमुख आणि सरकारी वकील यांनी हेन्रीला दोन-तीन दिवस सारखे विचारून बेजार केले, तेव्हा त्याने कबुली दिली की आपल्या दोन्ही भावांनी फिशरला ठार मारले. रानात झटापटीच्या खुणा सापडल्या, गाडीच्या चाकोऱ्या सापडल्या. प्रेतासाठी लोकांनी गिरणीचा बंधारा फोडून पाणी सोडून दिले. सख्ख्या भावाची साक्ष, रानातील खुणा आणि खवळलेले गाव! फासाला आणखी काय हवे?

आरोपींच्या बाजूने उभ्या राहिलेल्या वकिलांमध्ये बत्तीस वर्षांचा अब्राहम लिंकन होता. बचावाने एकच साक्षीदार आणला. त्या गिल्मोर नावाच्या डॉक्टरने शपथेवर सांगितले की फिशर जिवंत असून आपल्याच घरी आहे. पूर्वी डोक्याला झालेल्या दुखापतीमुळे त्याला अधूनमधून भान राहत नाही. लोकांना हे खोटे वाटले. आरोपी सुटले. आणि सोमवारी फिशर स्वतःच गावात येऊन उभा राहिला! हेन्री मात्र तोवर आपल्या साक्षीवर ठाम होता. लिंकनने ही सारी हकिगत आधी मित्राला पत्राने कळविली आणि पुढे 1846 मध्ये क्विन्सी येथील वृत्तपत्रात छापली. ज्याने 1863 मध्ये गुलाममुक्तीचा जाहीरनामा काढला, त्या राष्ट्राध्यक्षाच्या नावावर एक रहस्यकथा जमा आहे, ती अशी. 1860 च्या निवडणुकीच्या वेळी निघालेल्या त्याच्या चरित्रात, पोच्या कथांतील तर्कशुद्ध उकल त्याला फार आवडते, असा उल्लेख आहे.

नेकनूरला हे नवे वाटण्याचे कारण नाही. बंकटस्वामींच्या मठाने या पंचक्रोशीला कीर्तन ऐकण्याचे वळण लावले. ज्या जोगमहाराजांचे ते शिष्य, त्यांनी 1917 मध्ये आळंदीला वारकरी शिक्षण संस्था स्थापिली. वारकरी कीर्तनकार बोललेल्या प्रत्येक सिद्धांतामागे संतवचनाचे प्रमाण देतो आणि प्रमाण चुकले तर समोरचा टाळकरी भुवया उंचावतो. वचनाचे प्रमाण आणि पुराव्याचे प्रमाण या दोन गोष्टी भिन्न आहेत हे खरे; तथापि ‘प्रमाण काय?’ हा प्रश्न येथील श्रोत्याच्या कानावरून गेलेला आहे. अमेरिकेवरचा ग्रंथ वाचताना तोच विचारावयाचा.

तो न विचारल्यास काय घडते, याचे उदाहरण 1927 मधील आहे. कॅथरिन मेयो या अमेरिकन बाईने ‘मदर इंडिया’ लिहिले. हिंदू समाजातील बालविवाह, अस्पृश्यता, अस्वच्छता यांचे भडक चित्र रेखाटून हा समाज स्वराज्यास अपात्र असल्याचा निष्कर्ष तिने जगापुढे मांडला. लेखनाला ब्रिटिश अधिकाऱ्यांचे साहाय्य होते, हे पुढे संशोधकांनी उघड केले. लाला लजपतराय 1914 ते 1919 या काळात बहुतांश अमेरिकेत राहिले होते आणि 1916 मध्ये त्यांनी त्या देशावर एका हिंदूच्या दृष्टीतून ग्रंथही लिहिला होता. त्यांनी 1928 मध्ये ‘अनहॅप्पी इंडिया’ हे उत्तर दिले. त्यात त्यांनी अमेरिकेतील काळ्यांवरील अत्याचारांची प्रमाणे खुद्द अमेरिकन लेखनातून काढून दाखविली. लालाजी हाडाचे सुधारक होते. आपल्या घरातील घाण झाकण्याचा त्यांचा हेतू नव्हता. परक्याच्या घरातील कागदपत्रे आपण वाचलेली असली, तर परक्याला आपल्याविषयी वाटेल ते लिहिता येत नाही, एवढे त्यांनी सिद्ध केले.

अमेरिकेकडे पाहण्याची ही सवय मराठीला त्याआधीपासून आहे. महात्मा फुल्यांनी 1873 मध्ये ‘गुलामगिरी’ अमेरिकेतील सदाचारी लोकांना अर्पण केली. त्यांनी गुलामांना दास्यातून मुक्त केले, याबद्दलचा तो सन्मान होता आणि त्यांचा कित्ता आपल्या देशबांधवांनी गिरवावा ही अपेक्षा होती. पंडिता रमाबाईंनी 1889 मध्ये अमेरिकेच्या लोकस्थितीवर आणि तेथील प्रवासावर मराठीत ग्रंथ लिहिला. त्यांच्या धर्मांतराविषयी तीव्र मतभेद असणाऱ्यानेही तो वाचावा. इतक्या बारकाईने परदेश पाहणारी मराठी नजर त्या काळी दुर्मीळ होती.

बीड जिल्ह्याला सर्वांत जवळचे पुस्तक मात्र वीणा गवाणकरांचे ‘एक होता कार्व्हर’ (1981). गुलामीत जन्मलेला जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर 1896 मध्ये अलाबामातील टस्कीगी येथे गेला. कापसावर कापूस घेऊन तेथील जमीन निःसत्त्व झाली होती. त्याने भुईमूग आणि रताळ्याची फेरपालट शिकविली. 1906 पासून फिरते कृषिशिक्षण घोडागाडीतून शेतकऱ्याच्या बांधावर नेले. भुईमूग पिकवावा कसा आणि खावा किती प्रकारे, यावर त्याने पत्रिका काढली; तीत 105 प्रकार दिले आहेत. कापूस आणि ऊसतोड यांच्या चक्रात सापडलेल्या मुलखाला याहून ओळखीचा अमेरिकन कोण? परंतु प्रमाणाचा प्रश्न येथेही विसरू नये. पीनट बटर कार्व्हरनेच शोधले, ही जगभर पसरलेली समजूत खरी नाही. ती गळून पडली तरी माणूस तसूभरही लहान होत नाही.

रहस्यकथेवाचून ज्याचे पान हलत नाही, त्याच्यासाठी विष्णू गणेश पिंगळे आहेत. तळेगाव ढमढेरे येथील हा तरुण अमेरिकेत शिकावयास गेला, गदर चळवळीत सामील झाला आणि 1914 मध्ये परतला. कृपालसिंग नावाच्या हेराने फितुरी केली आणि फेब्रुवारी 1915 चा उठाव फसला. तरीही पिंगळे मार्चमध्ये बाँबसह मीरतच्या छावणीत शिरले आणि तेथेच पकडले गेले. 16 नोव्हेंबर 1915 रोजी लाहोरच्या तुरुंगात कर्तारसिंग सराभा आणि इतर साथीदारांसह त्यांना फाशी झाली. या कथेत झुंझार नाही, शेवटच्या पानावर सुटकाही नाही.

17 सप्टेंबर 1948 पर्यंत हा मुलूख निजामाच्या अमलाखाली होता. शिक्षणात उर्दूचे वर्चस्व असताना मराठवाड्यातील मराठी वाचनालयांनी भाषा जिवंत ठेवली. परभणीचे गणेश वाचनालय 1901 पासून उभे आहे. तेव्हा पुस्तक मिळणे कठीण होते. आज पुस्तक असते, पण कपाटाला कुलूप असते. एक साधी व्यवस्था करता येण्याजोगी आहे. अर्नाळकर, धारप, कार्व्हर, ‘गुलामगिरी’ आणि लिंकनचे चरित्र एकाच फळीवर लावावे. नेकनूरच्या आठवडी बाजाराला आसपासच्या गावांतून माणसे येतात. त्या दिवशी वाचनालय सकाळपासून दिवेलागणीपर्यंत उघडे राहावे. जनावर विकावयास आलेल्या बापाबरोबरचा मुलगा एक पुस्तक घेऊन जाईल आणि पुढच्या बाजाराला ते बदलून नेईल. शेवटचे पान शाबूत आहे की नाही, तेवढे नोंदवहीत पाहून घ्यावे.